आज नाही जमत!

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त. वरून काही दिसत नाही, त्यामुळे "छान तर दिसतेस की!" हे ठरलेलं. पण मे महिन्यात अंग तापलं की पाय शिशासारखे जड होतात, नजर धूसर होते. अंग थंडावलं की हा त्रास बहुधा ओसरतो. २४ तासांहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टरांना फोन. अशा दिवशी पोळ्या बाहेरून येतात, बचतगटाची बैठक मैत्रीण घेते आणि मी मानेवर ओला पंचा टाकून पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराची नोंद आहे. मग मैत्रिणींनो, घरच्यांना "आज नाही जमत" म्हणायला आपण का लाजायचं?