शेपू, सुकी मासळी आणि बंद पडलेल्या गाड्या

फिनलंडनं रशियाकडे जाणारी आपली रस्त्यावरची सगळी नाकी 2023च्या डिसेंबरात बंद केली. पेणच्या रामवाडीत बसलेल्यांना त्याचं काय सुतक? पण आमच्या घरी होतं. हेलसिंकीहून सेंट पीटर्सबर्गला पुन्हा एकदा जायचं, असं ह्यांच्या मनात पक्कं होतं. आगगाडी 2022च्या मार्चमध्येच थांबली होती, तेव्हा ‘बसनं जाऊ’ म्हणाले. एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रकं आखण्यात ह्यांची नोकरी गेली, त्यामुळे बसवर विश्वास अंमळ जास्तच. आता बसही नाही.

आमचा पहिला युरोप मी चार वाक्यांत उरकते. एका कंपनीच्या सहलीत गेलो होतो. नाव घेत नाही. पॅरिसमध्ये सकाळी पोहे, लुसर्नला पावभाजी, आणि बाहेरचं खाल तर पोट बिघडेल अशी रोजची तंबी. पेणच्या माणसाला पॅरिसमध्ये पोहे! ज्यांनी कधी बोरघाट ओलांडला नव्हता त्यांना अशा सहलींनी आल्प्स दाखवला, हे मान्य. पण पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मागे काही आचारी चालत नव्हता, तरी ‘अपूर्वाई’ 1960 साली छापून आलीच.

खरी मजा त्यापुढच्या दहा वर्षांत. 2010च्या सप्टेंबरात मॉस्कोहून थेट फ्रान्समधल्या नीसला गाडी सुरू झाली, डिसेंबरात हेलसिंकी-पीटर्सबर्गची अलेग्रो. 400 किलोमीटर साडेतीन तासांत, पासपोर्टवर शिक्का बसल्या जागी. आणि 2011 साली आमच्या दारातल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण निघालं. अलेग्रो जन्मली, धावली, युक्रेनच्या युद्धापायी बंद पडली, तरी आमचे 84 किलोमीटर पुरे झाले नव्हते. ह्यावर हे काही बोलत नाहीत. सरकारी नोकरीचा संस्कार.

त्वेर नावाच्या गावी उतरायचा हट्ट माझा. व्होल्गेच्या काठचं हे गाव मॉस्को-पीटर्सबर्ग मार्गावरच आहे. तिथला व्यापारी अफनासी निकितीन 1469च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यात, चौल बंदरात उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. होर्मुझहून विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरच्या असदखानानं तो हिसकावला आणि मुसलमान झालास तरच परत देतो म्हणाला. खुरासानच्या एका माणसानं रदबदली केली म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. इथे घोड्यांना हरभरे आणि साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी चारतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. आपली खिचडी रशियन वाङ्मयात शिरली ती तोबऱ्यातून! त्वेरला नदीकाठी त्याचा 1955 सालचा पुतळा आहे. चौलजवळ रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, तिथे मात्र आमच्या ओळखीतलं कुणी मुद्दाम गेलेलं ऐकलं नाही.

त्वेरमध्ये आम्ही स्तलोवायात जेवलो. स्तलोवाया म्हणजे सोव्हिएत वळणाची खानावळ. ताट घेऊन रांगेत सरकायचं, हवं त्याकडे बोट दाखवायचं; भाषेचं अडत नाही. बिटाचं लालभडक बोर्श, वर आंबूस सायीचा गोळा, कुट्टूचा मोकळा भात असावा तशी ग्रेच्का, काळा पाव. आणि सगळ्यावर शेपू. बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सुपात शेपू. घरी मी शेपूची जुडी आणली की ह्यांना भूक नसते. तिथे तिसऱ्या दिवशी निमूट खायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही ते रशियन आचाऱ्यांनी केलं, याचं समाधान मी अजून लपवत नाही. वोब्ला हा खारवून वाळवलेला मासा मात्र त्यांनी पहिल्या भेटीतच आपला मानला. लोक तो टेबलावर आपटून सोलतात आणि बिअरबरोबर चघळतात. पेणच्या बाजारात सुकी मासळी पारखणाऱ्याला त्यात नवल ते काय!

लिस्बनला खारवलेल्या कॉडचं तेच झालं. 1740पर्यंत चौल पोर्तुगीजांकडे होतं आणि जवळच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली अजून घरात बोलतात, तेव्हा आम्ही तसे शेजारीच. पोलंडमधले ‘दुधाचे बार’ही असेच, सरकारी मदतीवर चालणारे, स्वस्त. बाकी राजधान्यांबद्दल मला विशेष सांगायचं नाही. रांगा आणि तिकिटं.

कीव्हहून मॉस्कोला तेव्हा रात्रीची गाडी होती. बोर्श आम्ही दोन्हीकडे खाल्लं, कुणाचं अस्सल हा वाद दोन्हीकडे ऐकला, हसून सोडला. 2022च्या जुलैत युनेस्कोनं युक्रेनचं बोर्श तातडीनं जपायच्या वारशांत घेतलं. आम्हाला वाढणाऱ्या त्या कीव्हच्या बाई आता कुठे असतील, हे कुणाला विचारायचं?

इतर रात्रगाड्याही विरळ झाल्या. जर्मन रेल्वेनं आपल्या शयनगाड्या 2016अखेर काढूनच टाकल्या. त्यातल्या काही ऑस्ट्रियानं चालवायला घेतल्या, एवढंच. शेंगेन व्हिसाची फी 2024च्या जूनपासून 80 युरोंवरून 90 झाली. रशियाचा व्हिसा भारतीयांना 2023च्या ऑगस्टपासून घरबसल्या मिळतो, पण व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्डवाल्या कंपन्यांनी तिथून 2022च्या मार्चमध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे नोटा कनवटीला लावून फिरा.

परवा एक तरुण एजंट घरी माहितीपत्रक देऊन गेला. मॉस्को, पीटर्सबर्ग, रोज रात्री भारतीय जेवण. ह्यांनी विचारलं, त्वेरला थांबता का? तिथे काय आहे, म्हणाला. मी त्याला म्हटलं, आधी रेवदंड्याला जाऊन ये.