अकरा वाजताचे पान

"घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून" ही म्हण ज्याने केली, त्याने विटा, वाळू आणि गवंडी यांचाच विचार केला असावा. घर बांधून झाल्यावर जी साठ-सत्तर माणसे ते पाहायला येतात, त्यांना जेवू काय घालायचे, हा प्रश्न त्या म्हणीत नाही. तो घरातल्या बायकांवर सोडलेला दिसतो.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात नवी घरे पुष्कळ होत आहेत. मुंबईला किंवा ठाण्याला नोकरीस असलेला मुलगा गावच्या जागेवर पक्के घर बांधतो आणि बहुधा वैशाखात वास्तुशांत काढतो. चातुर्मासात ती सहसा करीत नाहीत, मुलांना सुट्टी असते, आणि पावसाच्या आत घर राहते करायचे असते. अलीकडे या निमंत्रणांवर एक नवा शब्द दिसू लागला आहे : 'ब्रंच'. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाटेत गाठून विचारले, "सर, बायकोने पत्रिकेत ब्रंच लिहिलंय. पण त्याला करायचं काय असतं?" त्याला रस्त्यावर उभ्या उभ्या सांगता आले नाही ते, वाचकहो, तुम्हांला सांगतो.

शब्द इंग्रजांचा आहे. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने इंग्लंडातल्या एका नियतकालिकात असे सुचवले की, रविवारी लवकर उठून न्याहारी करायची आणि मग दुपारी पुन्हा जड जेवायचे, हा जाच कशाला? दोन्ही मिळून उशिरा सकाळी एकदाच खावे. शनिवारी रात्री मौज करून उशिरा निजणाऱ्यांची सोय, हा त्याचा एक मुद्दा होता. आपल्याकडे कारण नेमके उलटे. पहाटेपासून शेतात राबलेला माणूस दहाच्या सुमारास बांधावर बसून भाकरी सोडतो. तिला आपण न्याहारी म्हणतो, पण पोटाच्या हिशेबाने ते जेवणच असते. साहेब उशिरा उठला म्हणून अकराला खातो, आमचा कुणबी लवकर उठला म्हणून दहाला खातो. वेळ जवळपास तीच. तेव्हा शब्दाला बिचकायचे कारण नाही.

बेत करायला बसलो की आपण आधी पदार्थांची नावे घेतो. इथेच चुकते. आधी घड्याळ पाहावे. पूजा सातला सुरू झाली, तरी पुण्याहवाचन, वास्तुमंडल, होम, नैवेद्य आणि आरती होईपर्यंत चार तास सहज जातात. गुरुजी "दहाला मोकळे करतो" म्हणाले, तरी तुम्ही मनात अकरा धरा. पाहुण्यांचेही गणित मांडा. शहापूरकडे येणारे कसाऱ्याची लोकल पकडून आसनगावला उतरणार, तिथून रिक्षा करणार. मुरबाडकडे येणारे कल्याणहून एस.टी. धरणार. म्हणजे जो माणूस नऊ-साडेनऊला तुमच्या ओट्यावर टेकतो, तो घरून सहाला अर्धा कप चहा घेऊन निघालेला असतो. नैवेद्याआधी पान वाढायचे नाही आणि माणसाला उपाशीही ठेवायचे नाही. यासाठी आपल्या वाडवडिलांनी गूळ-पाण्याची युक्ती काढली होती, ती आजही चांगली आहे. गूळ-पाणी, चहा, भाजके शेंगदाणे, केळी. एवढे पुरे. इथे पोहे किंवा उपमा काढलात, तर अकराला कोणी जेवणार नाही आणि भांडी मात्र दोनदा घासावी लागतील. साखरेचा आजार असलेल्या वडीलधाऱ्यांना तेवढे नियम लावू नयेत. त्यांच्यासाठी दोन भाकऱ्या आणि थोडी भाजी आधीच बाजूला काढून ठेवावी आणि वेळेवर वाढावी. देवाला कारण कळते.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या स्वतःच्या घराची वास्तुशांत मुरबाड तालुक्यात झाली, तेव्हा मला हौस अशी की, सगळे आपल्याकडचे असावे. तांदळाची घावने आणि ओल्या नारळाची चटणी करायचे मी ठरवले. सर्वांनी वाहवा केली. पाने साठ. माणशी दोन म्हणजे एकशेवीस घावने. एक घावन तव्यावर तीन मिनिटे घेते. दोन तवे मांडले, तरी तासाला चाळीस निघतात. एकशेवीस घावनांना तीन तास झाले. हे त्रैराशिक पाचवीतल्या पोराला येते. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मला ते त्या दिवशी सुचले नाही.

पत्नी माझ्याबरोबर पूजेला बसलेली. वहिनी आणि आत्या वाढायच्या आणि पाहुण्यांच्या गडबडीत. मागच्या पडवीत तव्यांपुढे राहिली आई. सातला वाटलेली चटणी साडेअकराला आंबली, ती केळीच्या आळ्यात ओतली. चार वाजता शेवटचा पाहुणा गेला. आई पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "पूजा नीट झाली ना रे?" ज्या घरासाठी तिने कानांतल्या कुड्या मोडल्या होत्या, त्या घराची पूजा तिने पाहिली नव्हती. नव्या शेगडीवर पहिले दूध उतू घालतात, तेही नाही.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. नैवेद्याच्या आणि आरतीच्या वेळी ज्या पदार्थापाशी कोणाला उभे राहावे लागते, तो बाद. घावने बाद, पुऱ्या बाद, वडे आणि भजीही बाद. वीस माणसांचे घरगुती जमणे असेल तर घावने जरूर करा, त्यांच्यासारखी दुसरी चीज नाही. साठांना ती करू नयेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, आणि तानसा, मोडकसागर, भातसा यांचे पाणी आजही मुंबईच्या नळांना जाते. त्याच तालुक्यातले कित्येक पाडे वैशाखात टँकरची वाट पाहतात. मुंबईचा पाहुणा हात धुताना नळ सोडून गप्पा मारतो, त्याला हे ठाऊक नसते. आपण तरी बेत विहीर पाहून करावा. स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले मांडले, तर साठ पानांमागे आमच्याकडे दोनशे लिटरची दोन पिंपे नुसती भांडी घासण्यात गेली. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घेतले की हे पाणी वाचते, आणि पाने खतखड्ड्यात जातात. पिण्याच्या पाण्यात मात्र हात आखडू नये. वैशाखाच्या उन्हात माणशी दोन लिटर धरावे, ते वेगळे भरून झाकून ठेवावे.

मग करायचे तरी काय? माझे मत वालाच्या खिचडीच्या बाजूने आहे. आमच्याकडे भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल येतो. त्यामुळे वैशाखात नवा वाल घरातच असतो. बाजारात जावे लागत नाही. साठ पानांना पाच किलो तांदूळ आणि दोन किलो वाल पुरतात. वास्तुशांत शनिवारी असेल, तर गुरुवारी सकाळी वाल भिजत घालावेत, रात्री फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात मोड यायला वेळ लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोमट पाण्यात टाकून सोलायला बसावे. हे सोलणे एकटीचे काम नाही. शेजारपाजारच्या पाच-सहा जणी बसल्या की तासा-दीड तासात डाळिंब्या निघतात, आणि नव्या घरात पहिली मैफल होते ती हीच. सोललेल्या डाळिंब्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. वीज गेली तर पाणी निथळून ओल्या फडक्यात, सावलीला.

कांदा-लसूण नको, कारण पूजेचे घर. मोहरी, हिंग, हळद, गोडा मसाला, किसलेले सुके खोबरे आणि चवीला गूळ. साडेनऊला टोप चढवला की साडेदहाच्या आत खिचडी होते. मग टोप निखाऱ्यांवर, वर जड झाकण आणि झाकणावरही चार निखारे. सगळ्यांनी आरतीला खुशाल जावे. फक्त खिचडी शेवटपर्यंत कढत राहिली पाहिजे. शिजलेला भात कोमट होऊन तासन् तास पडला, तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. कढत म्हणजे साठ अंशांच्या वर. हात लावून पाहायचे तर चटका बसायला हवा. एरवी शिजवलेले अन्न दोन तास बाहेर चालते असे धरतात. आपल्या मे महिन्यात एकच तास धरा. माझ्या चटणीचे काय झाले ते सांगितलेच आहे.

चटणी म्हणून कोरडी खुरासणीची करावी. आमच्या डोंगरउतारांवर खुरासणी पिकते, आणि भाजून कुटलेली चटणी आठवडाभर तोंड वाकडे करीत नाही. चैत्रात घातलेले तांदळाचे पापड सकाळीच तळून डब्यात भरावेत. काकडीची कोशिंबीर मीठ न घालता चिरून ठेवावी. दही आणि मीठ वाढतेवेळी. चार लिटर दह्याचे ताक साठ जणांना पुरून उरते. नैवेद्यापुरता वरणभात वेगळा, छोट्या पातेलीत.

गोडाचे काय, असे विचारायची पद्धत आहे, आणि इथे लोक फार पैसा घालवतात. जिलेबी येते, बासुंदी येते, बुंदीचे तबक येते. घराचे हप्ते अजून वीस वर्षे फेडायचे असतात. सत्यनारायणाचा शिरा घरात होणारच आहे, तोच गोड पदार्थ धरावा. सव्वा किलो रवा, तितकेच तूप, तितकीच साखर, दूध आणि केळी. साठ जणांना प्रत्येकी चांगला द्रोणभर येतो. प्रसाद चिमूटभरच द्यावा असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, मला सापडलेले नाही. त्यानंतर रायवळ आंब्यांची टोपली ओसरीवर ठेवून द्यावी. चोखून खायचे, कोय खड्ड्यात टाकायची. त्याला ना सुरी लागते ना वाटी. आमरसाच्या नादी लागू नये, तो उन्हात फार वेळ टिकत नाही. जांभळे आणि करवंदे द्रोणात भरून विकणाऱ्या बायका रस्त्याला भेटतात. त्यांच्याकडची टोपलीच आदल्या दिवशी सांगून ठेवली, तर शहरातली मुले आंबाही विसरतात.

कोंबडी-भाकरीची चौकशी होतेच. ती करणारांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलवावे. त्या पंगतीला घड्याळ लागत नाही आणि माझा सल्लाही नको.

गेल्या वैशाखात धाकट्या भावाच्या घराची वास्तुशांत शहापूरकडे झाली. बेत हाच केला. साडेदहाला टोपावर निखारे ठेवून आम्ही सगळे पुढच्या खोलीत आलो. आई पाटाजवळ भिंतीला टेकून बसली होती. दूध उतू जाताना तिने हात जोडले, आणि आरतीत ती सगळ्यांच्या एक ओळ पुढेच म्हणत होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिले पान वाढले.

एक चूक या खेपेसही झाली. कैरीचे पन्हे आदल्या रात्री गूळ-वेलची घालून घट्ट करून ठेवले होते, आयत्या वेळी गार पाणी घालायचे म्हणून. कैऱ्या दोन किलो घेतल्या. त्यात साठ पेले झाले, माणशी एक. बाराच्या उन्हात प्रत्येकाने दुसरा मागितला. तेव्हा तुम्ही चार किलो घ्या.