नेटवर्कचा सराव आणि दुकानाचा संगणक

आमच्या वाचकांच्या कितीतरी घरांतील मुले सध्या सीसीएनए परीक्षेची तयारी करीत आहेत. आखाती देशांत किंवा पुण्या-मुंबईत नेटवर्कची नोकरी मिळवायची तर ही परीक्षा उपयोगी पडते. सरावासाठी खरे राऊटर व स्विच विकत घेणे सामान्य घराला परवडत नाही, म्हणून मुले संगणकावरच लुटुपुटीचे नेटवर्क उभारतात. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर आणि जीएनएस-३ ही दोन सॉफ्टवेअर त्यासाठी विशेष प्रचारात आहेत. घरात वेगळा संगणक नसला की ती वडिलांच्या दुकानातील संगणकावर बसविली जातात आणि तिथून कटकटीला सुरुवात होते.

चिपळूणकडील आमच्या परिचयाच्या एका टाइल्स व्यापाऱ्याकडे असेच घडले. मुलाने जीएनएस-३ बसविले. तीन राऊटर सुरू करताच संगणक जागच्या जागी थबकला, पंखा घोंघावू लागला, गिऱ्हाईक उभे असताना बिल निघेना. दुरुस्ती करणाऱ्याने वरवर पाहून 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगितले, आणि मारलाही. हिशेबाची शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वी काढलेली होती. त्यानंतरची सारी बिले वह्या-पावत्यांवरून पुन्हा एकेक करून चढवावी लागली. बाप-लेकात अबोला झाला तो वेगळाच.

पुढे मुलाने तेच सॉफ्टवेअर मामाच्या लॅपटॉपवर बसविले, तेव्हा तिथेही तोच प्रकार झाला. आम्ही समोर बसून पाहिले. व्हायरसचा काही संबंध नव्हता. जीएनएस-३ जुन्या सिस्को राऊटरची नक्कल डायनामिप्स नावाच्या प्रोग्रामकडून करवून घेते. राऊटरला काम नसते तेव्हा तो एका लहानशा चक्रात फिरत वाट पाहत असतो. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला मात्र ही विश्रांती ओळखता येत नाही. तो ते रिकामे चक्रही पूर्ण वेगाने फिरवीत राहतो आणि एकेक राऊटर प्रोसेसरचा एकेक कोअर अडवून बसतो. विश्रांतीची जागा कोणती हे सांगणाऱ्या आकड्याला 'आयडल-पीसी' म्हणतात. सुरू असलेल्या राऊटरवर उजवी कळ दाबून आयडल-पीसी निवडावे. प्रोग्राम थोडा वेळ तपासून काही आकडे सुचवितो. त्यांपैकी चांदणीची खूण असलेला आकडा आधी घ्यावा, भार उतरला नाही तर दुसरा पाहावा. लॅपटॉपचा पंखा मिनिटाभरात शांत झाला. चार महिन्यांच्या बिलांचे नुकसान झाले ते या एका आकड्यापायी!

दुसरी नेहमीची अडचण जीएनएस-३ च्या आभासी यंत्राची. ते सुरूच होत नाही, किंवा त्यातील नवी उपकरणे चालत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या पानावर सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन' चालू आहे की बंद ते पाहावे. बंद असेल तर बायॉसमध्ये जाऊन ते चालू करावे. एएमडी प्रोसेसरच्या संगणकांत तिथे बहुधा 'एसव्हीएम' असे नाव आढळते. मुख्य प्रोग्राम आणि आभासी यंत्र यांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते, हेही अनेक जण विसरतात. एवढे करूनही अडत असेल तर विंडोजचे हायपर-व्ही किंवा 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण आड येत असण्याचा संभव असतो. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे संरक्षण काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पॅकेट ट्रेसरवर भागवावे. ते हलके आहे, सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीत नाव नोंदविले की विनामूल्य मिळते, आणि सीसीएनएच्या बहुतेक सरावास पुरते.

पॅकेट ट्रेसरबद्दल ज्या तक्रारी आमच्या कानी येतात, त्यांतील निम्म्या तर तक्रारीच नव्हेत. स्विच जोडल्यावर दिवा नारिंगी राहतो. खरा स्विचही फेऱ्यात अडकू नये म्हणून सुमारे तीस सेकंद थांबतोच. पहिला पिंग वाया जातो, कारण समोरच्या यंत्राचा पत्ता आधी एआरपीने शोधावा लागतो. दुसऱ्यांदा पिंग केल्यावर उत्तरे येतात. राऊटरचा दिवा लाल राहतो, कारण 'नो शटडाऊन' ही आज्ञा द्यायची राहिलेली असते. राऊटर बंद करून चालू केला आणि सारे पुसले गेले, तर चालू मांडणी स्टार्टअपमध्ये जतन केलेली नसते. या चुका खऱ्या नोकरीतही होतात, तेव्हा त्या घरी झालेल्या बऱ्या. मात्र एक अडचण खरी आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मित्राची फाइल उघडेना, तर आधी दोघांच्या आवृत्त्या ताडून पाहाव्यात.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. जीएनएस-३ विनामूल्य आहे, पण त्यात चालणारी सिस्को राऊटरची आयओएस फाइल विनामूल्य नाही. ती परवान्यानेच मिळते. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी फाइल ही दुसऱ्याचा माल न विचारता वापरण्यासारखी आहे, आणि अशा फाइलबरोबर खरोखरीचा व्हायरसही येऊ शकतो. हलाल रोजीसाठी शिकायचे आणि शिकण्याचे साधन मात्र चोरीचे, हे आम्हाला पटत नाही. पर्यायही आहेत. एफआरआर राऊटिंग पूर्णपणे मुक्त आहे. मायक्रोटिकचे सीएचआर विनापरवानाही चालते, फक्त प्रत्येक जोडणीवर सेकंदाला एक मेगाबिट एवढीच गती देते, आणि सरावाला ती पुरेशी आहे.

चिपळूणच्या त्या दुकानात आता जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते आणि डिस्क काढून गल्ल्यात ठेवली जाते. मुलगा इशानंतर दुकान बंद झाल्यावर सरावाला बसतो. प्रत घेण्याचे काम वडिलांनी त्याच्याकडेच सोपविले आहे.