डॉक्टर जेव्हा नर्सिंग शिकतात

२००० नंतरच्या काही वर्षांत फिलिपाइन्समध्ये उलटी गंगा वाहू लागली. चांगली प्रॅक्टिस असलेले डॉक्टर नर्सिंग कॉलेजच्या बाकांवर येऊन बसू लागले. काल ज्या कामाच्या सूचना ते नर्सला देत होते, तेच काम आता पहिल्यापासून शिकायचं: पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची, त्याला कुशीवर कसं वळवायचं. असे एकदोघे नव्हते, हजारो होते. डॉक्टर म्हणून अमेरिकेत जायचं तर परीक्षा देऊन पुन्हा काही वर्षं रेसिडेन्सी करावी लागते. नर्सेसची मात्र तिथे टंचाई होती आणि पगार मायदेशातल्या डॉक्टरच्या कितीतरी पट.

ही वाट जुनी. फिलिपाइन्सवर अमेरिकेची राजवट होती तेव्हा तिथलं नर्सिंग शिक्षण अमेरिकी धर्तीवर आणि इंग्रजीत सुरू झालं. १९६५ च्या अमेरिकी कायद्याने स्थलांतर सोपं केलं. १९७४ मध्ये फिलिपाइन्सच्या मार्कोस सरकारने कामगार परदेशी पाठवणं हे धोरणच ठरवलं. घरी येणाऱ्या डॉलरची किंमत खेड्यातल्या दवाखान्यांनी मोजली.

जाणाऱ्या नर्सला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पुरेशा नर्सेस स्वतः न घडवता गरीब देशाने शिकवलेल्या उचलणाऱ्या श्रीमंत देशांना जाब विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे. शेवटी कोविडकाळात, २०२० मध्ये, फिलिपाइन्सनेच नव्याने परदेशी जाणाऱ्या आरोग्यसेवकांवर वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी ती ६,५०० करावी लागली.