रस्त्यावर ट्यूब बदला, पंक्चर घरी काढा

सायकलवरून कामावर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण दिवे आणि रिफ्लेक्टर पाहिले. आजचा विषय पंक्चर. चढ असेल तर गिअर बदलता येतो, ऊन असेल तर लवकर निघता येतं, पण पंक्चर वेळ पाहून होत नाही. सकाळी सातची पाळी गाठायची असताना मागचं चाक बसलं, की तेवढ्या एका कारणाने माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटरची किल्ली उचलतो. म्हणून रोज सायकल वापरणाऱ्याने पंक्चरचा विचार आधीच करून ठेवावा, आणि तो करताना दोन कामं वेगळी धरावीत. थांबलेली सायकल पुन्हा चालती करणं हे एक काम, फुटकी ट्यूब दुरुस्त करणं हे दुसरं. पहिलं रस्त्यावर उरकायचं, दुसरं संध्याकाळी घरी. सोबत एक जादा ट्यूब ठेवली की हे जमतं.

रस्त्यावरच्या दुरुस्तीला सुटसुटीतपणा किती गरजेचा असतो, हे हवेच्या टायरच्या सुरुवातीच्या काळातच लक्षात आलं होतं. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यांचे ते पहिले टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचं तर टायर सोडवा, भोक बुजवा, पुन्हा चिकटवा आणि वाळेपर्यंत थांबा, असा तासन् तासांचा खटाटोप होता. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये रिमवरून सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी तो वापरून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. वाटेत पंक्चर होणारच, तेव्हा चाक लवकर चालतं करता आलं पाहिजे, ही त्यामागची दृष्टी रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

पॅच रस्त्यावर का नको, हे त्याच्या कृतीतूनच कळतं. आधी भोक सापडायला हवं. बारीक भोकाचा आवाज रहदारीत ऐकू येत नाही, त्याला पाण्याची बादली लागते. मग भोकाभोवतीचं रबर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचं, सोल्युशनचा पातळ थर लावायचा आणि त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबायचं. ओल्या सोल्युशनवर घाईने चिकटवलेला पॅच दोन दिवसांत सुटतो. पावसात, धुळीत, घड्याळाकडे बघत हे नीट होत नाही. उलट ट्यूब बदलायला दोन टायर लिव्हर, एक छोटा पंप आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सराव झाला की त्याहूनही कमी.

मात्र नवी ट्यूब घालण्याआधी जुनी का फुटली, हे पाहायलाच हवं. नाहीतर तीच तार नव्या ट्यूबलाही भोक पाडते. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती हे लक्षात ठेवा. थोडी हवा भरून भोक दिसलं, तर व्हॉल्वपासूनचं अंतर मोजून टायरवरची नेमकी जागा शोधता येते. मग टायरच्या आतून सुती फडकं हलक्या हाताने फिरवा. ट्रकच्या फाटलेल्या रेडियल टायरमधून रस्त्यावर सांडलेली केसाएवढी तार डोळ्यांना दिसत नाही, पण फडक्याचा धागा तिच्यात अडकतो, आणि बोटही शाबूत राहतं. भोकाच्या जागेवरून कारण ओळखता येतं. टायरच्या बाजूला एकच भोक असेल तर खिळा, काच, बाभळीचा काटा किंवा सराटा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली. रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचं टोक टोचलं. दोन भोकांचा प्रकार तर टाळण्याजोगा आहे. रबरातून हवा थोडी थोडी झिरपतच असते. त्यामुळे आठवड्यातून एकदा, टायरच्या कडेवर छापलेली दाबाची मर्यादा पाहून हवा भरणं हा पंक्चरवरचा पहिला उपाय.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे नाक्यानाक्यावर पंक्चरवाला असताना हे ओझं कशाला? पंक्चरवाल्याचं कसब मोलाचं आहे, पण सकाळी साडेसहाला त्याचं दुकान उघडलेलं नसतं. नव्या दुचाकींना ट्यूबलेस टायर असतात, त्यांत जी पट्टी खुपसून काम भागतं ती सायकलच्या ट्यूबला चालत नाही. फुटकी ट्यूब संध्याकाळी त्याच्याकडे नेता येतेच. फक्त कामावर वेळेत पोचणं त्याच्या वेळेवर अवलंबून राहत नाही. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. पूर्ण चेनकव्हर, कॅरिअर आणि मागचं स्टँड असलेल्या काळ्या सायकलीचं मागचं चाक काढणं हे मोठं काम आहे, आणि मागच्या चाकावर भार जास्त असल्याने पंक्चरही बहुधा त्याच्यातच होतं. अशा सायकलीवर पंक्चरवाल्यासारखंच करावं. चाक न काढता टायर एका बाजूने उतरवून ट्यूब बाहेर ओढायची आणि सोल्युशन न लागणारा चिकट पॅच तात्पुरता लावायचा. पक्की दुरुस्ती इथेही घरीच. तिसरा पर्याय सुचवला जातो तो भरीव टायरचा किंवा ट्यूबमध्ये घालायच्या सीलंटचा. भरीव टायर जड असतो आणि खड्ड्यांचा प्रत्येक धक्का मनगटापर्यंत पोचवतो. सीलंट बारीक भोकं बुजवतं, पण काही महिन्यांत वाळतं, आणि मोठी चीर त्याला आवरत नाही.

म्हणून सीटखालच्या पिशवीत एवढंच ठेवा : आपल्या टायरच्या मापाची आणि व्हॉल्वची जादा ट्यूब, दोन लिव्हर, त्या व्हॉल्वला बसणारा पंप, चिकट पॅच, चाकाच्या नटाचा पाना, सुती फडकं आणि कपडे जपायला पातळ हातमोजे. ट्यूब जुन्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर पान्याच्या घासण्याने तीच पिशवीत फुटते. रात्री निर्जन ठिकाणी चाक बसलं तर सायकल हाताने ढकलत उजेडात आणि माणसांत न्या. बसलेल्या चाकावर स्वार होऊ नका, रिम टायर कापतो. आणि येत्या रविवारी घरी, पंक्चर नसतानाच, एकदा ट्यूब काढून पुन्हा बसवा. पाना नटाला बसतो का, पंप व्हॉल्वला लागतो का, हे त्याच दिवशी कळायला हवं. पुढच्या लेखांकात पावसाळ्यातले ब्रेक.