शेवाळ खाणारे मासे

काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र वाढविणाऱ्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांतच शेवाळाशी सामना करावा लागतो. प्रथम काचेवर तपकिरी पूट चढते. पुढे पानांच्या कडांवर हिरवे धागे दिसू लागतात, आणि काही टाक्यांत तर पानांच्या टोकांना काळ्या दाढीसारखे झुबके धरतात. अशा वेळी मत्स्यालयाचा मालक दुकानात जाऊन शेवाळ खाणारा मासा मागतो, आणि दुकानदारही तत्परतेने बोटाएवढा एक करडा, ठिपकेदार मासा पिशवीत घालून देतो. येथवरची हकीकत पुण्यास घडो वा तंजावरास, सारखीच असते. पुढे काय होते ते मात्र पुष्कळ अंशी त्या गावच्या पाण्यावर अवलंबून असते. म्हणून येथे तंजावरचेच उदाहरण घेऊ.

भोसले घराण्याच्या राजवटीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले हे शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी वसलेले आहे. करिकाल चोल राजाच्या नावाशी परंपरेने जोडलेला कल्लणै बंधारा येथून फार दूर नाही. त्या बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी वेण्णारसारख्या शाखांत आणि कालव्यांत वाटले जाते. 1934 साली मेट्टूर धरणाबरोबर सुरू झालेला मोठा कालवा तर शहरातूनच जातो. लोक त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, असे म्हणतात. येथील पाट, तळी, देवळांच्या पुष्करिणी आणि भातखाचरे पावसाळ्यात एकमेकांशी या ना त्या वाटेने जोडली जातात. अशा गावात टाकीतून बाहेर टाकलेला मासा एका तळ्यापुरता राहत नाही, ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी.

आता शेवाळाचा विचार करू. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात अनेक भिन्न प्रकारचे जीव असतात. नव्या टाकीतील तपकिरी थर हा डायॅटम नावाच्या एकपेशीय जीवांचा असतो आणि तो बहुतेक शाकाहारी मासे आवडीने खातात. काळ्या दाढीचे शेवाळ प्रत्यक्षात तांबड्या शैवालांच्या गटातले असून ते खाणारे मासे मोजकेच आहेत. तळाशी पसरणारी, दुर्गंधी येणारी निळसर हिरवी साय ही खरे पाहता जीवाणूंची वसाहत होय. तिला कोणताही मासा तोंड लावीत नाही. पाणीच हिरवे झाले तर तेथेही या माशांचा उपयोग नाही. शिवाय माशाने खाल्लेल्या शेवाळातील पोषक द्रव्ये विष्ठेवाटे बहुतांशी पाण्यातच परत येतात. टाकी खिडकीच्या उन्हात असेल, दिवा दहाबारा तास जळत असेल आणि माशांना भूकेपेक्षा अधिक अन्न पडत असेल, तर शेवाळ हटणार नाही. दिवा सहा ते आठ तासांवर आणावा, दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे, आणि मगच मासा निवडावयास जावे.

निवडताना पाहावयाचे ते माशाचे आजचे आकारमान नव्हे, तर त्याचे पूर्ण वाढीचे आकारमान व त्या वयातील सवयी. दुकानातला तो ठिपकेदार मासा या कसोटीस अजिबात उतरत नाही. ‘सकर’ या नावाने विकला जाणारा हा मासा बहुधा टेरिगोप्लिक्थिस या दक्षिण अमेरिकेतील वंशाचा असतो. लहानपणी तो काच खरोखरच स्वच्छ करतो. परंतु दोन वर्षांत तो हातभर होतो, शेवाळापेक्षा माशांचे तयार खाद्य पसंत करू लागतो, रुंद पाने खरवडतो आणि नुसत्या शेपटीच्या फटक्याने रोपे उपटून टाकतो. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी सुमारे शंभर लिटरची टाकी त्याला स्नानाच्या घंगाळाएवढी वाटत असावी.

मग मालक काय करतो? मारणे त्याच्या जिवावर येते. तो मासा बादलीत घालून पुष्करिणीत किंवा कालव्यात सोडतो, आणि एका जिवाला जीवदान दिल्याचे समाधान मानतो. हेतू निर्मळ असतो, पण परिणाम वाईट होतो. हा मासा हवा गिळून जठराच्या भित्तिकेतून प्राणवायू शोषून घेऊ शकत असल्याने गढूळ, नासलेल्या पाण्यातही तगतो. अंगावरील हाडांच्या कवचामुळे त्याला शत्रू थोडे. विणीच्या हंगामात नर काठाच्या मातीत खोल बिळे कोरतो. ज्या प्रदेशातील पाटांचे काठ बहुतांशी मातीचेच आहेत, तेथे याचा अर्थ काय होतो हे शेतकऱ्याला सांगावयास नको. तामिळनाडू, केरळ, आंध्र आणि बंगाल येथील जलाशयांत हे मासे आता पैदास करून राहिले आहेत. महाराष्ट्रात उजनीच्या कोळ्यांनाही ते जाळ्यांत सापडतात. त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्यांना भाव नाही. मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो जलाशयात तर जाळ्यांत खाण्याजोग्या माशांच्या जागी हेच मासे भरू लागले आणि तेथील मच्छीमारांचा धंदा डबघाईस आला.

दुसरा फसवा मासा म्हणजे ‘चायनीज अल्गी ईटर’. याचे मूळ स्थान चीन नसून थायलंड व मेकाँगचे खोरे होय. याच्या कल्ल्यांना पाणी आत घेण्यासाठी वरच्या बाजूस एक वेगळे छिद्र असते. त्यामुळे तोंडाने दगडास घट्ट चिकटून राहूनही तो श्वसन करू शकतो. रचना मोठी कौतुकास्पद आहे, पण मोठेपणी हाच मासा भांडखोर बनतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरील बुळबुळीत आवरण खरवडून खातो. वनस्पतींना त्याचा उपद्रव नाही, शेजाऱ्यांना आहे.

वनस्पतींच्या टाकीसाठी खरा उपयुक्त मासा ‘सयामी शेवाळखाऊ’, म्हणजे क्रॉसोकायलस वंशातील मासा. काळ्या दाढीचे शेवाळ खाणाऱ्या थोड्या माशांत याची गणना होते आणि पानांना तो इजा करीत नाही. अडचण अशी की याच्या नावाखाली दुसरेच मासे विकले जातात. ओळख अशी : खऱ्या माशाची काळी पट्टी नाकापासून निघून शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जाते, आणि तिच्या वर सोनेरी रेषा नसते. सोनेरी रेषा असेल तर तो ‘फ्लाइंग फॉक्स’ होय. तो दिसतो सुंदर, पण आपल्या जागेवर इतर माशांना येऊ देत नाही. खरा मासादेखील 12 ते 15 सेंमी. वाढतो. शंभर लिटरच्या टाकीत दोन पुरेत.

अवघा 4 सेंमी. लांबीचा ऑटोसिंक्लस हा पुस्तकांत नेहमी पहिल्या क्रमांकावर असतो, आणि ते योग्यच आहे. तो कोवळ्या पानावर बसून तपकिरी थर साफ करतो आणि पान जसेच्या तसे राहते. तथापि त्याला मृदू आणि 22 ते 27 अंश तापमानाचे पाणी मानवते. तंजावरला एप्रिल-मे महिन्यांत खोलीतले पाणी सहज 30 अंशांवर जाते, आणि विंधणविहिरीचे पाणी असेल तर ते बहुधा जड असते. अशा ठिकाणी हे नाजूक मासे आणून गमावण्यात शहाणपण नाही. ज्यांची खोली थंड राहते त्यांनी पाचसहाचा थवा ठेवावा, आणि घेताना पोट खपाटीला गेलेले मासे नाकारावेत. उपासमार झालेला ऑटोसिंक्लस सहसा सावरत नाही.

जड आणि उष्ण पाण्यात सुखाने राहणारा मासा हवा असेल तर काळ्या मॉलीचा विचार करावा. तिचे तोंड चोखणारे नसले तरी दिवसभर पानांवरचे कोवळे धागे टिपण्याची तिला सवय असते. ती पिले घालते, आणि पुष्कळ घालते. ती पिले कोणाला द्यावयाची हे आधीच ठरवून ठेवावे, कारण वर सांगितलेला पुष्करिणीचा मार्ग याही माशाला बंदच आहे. आपल्याकडील रोझी बार्बही धागे खातो, पण मऊ पानेही सोडीत नाही. कोकण-गोव्यातील कालुंदर धाग्यासारख्या शेवाळावरच पोसतो. तथापि तो पाणवनस्पतीही खातो आणि ताटाएवढा होतो. त्याची जागा टाकीपेक्षा ताटातच अधिक शोभते.

येथे एका देशी माशाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्याने अनेक जातींना स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. गॅरा मल्या हे त्यांतलेच एक. गॅरा वंशाचे मासे कावेरीच्या खोऱ्यातील खडकाळ ओढ्यांतही राहतात, आणि हनुवटीखालच्या चकतीने दगडाला धरून शेवाळ खरवडतात. वाहते, हवेशीर पाणी दिले तर ते टाकीत राहतात व वनस्पतींना धक्का लावीत नाहीत. पण संथ, उबदार टाकीत ते कोमेजतात, म्हणून केवळ देशी म्हणून ओढ्यातून धरून आणण्याचा मोह टाळावा.

तेव्हा तंजावरच्या शंभर लिटरच्या टाकीत दोन सयामी शेवाळखाऊ आणि चारपाच मॉली एवढे सफाईचे मनुष्यबळ पुरे आहे. टाकी दीड महिन्याची झाल्यावर, थोडे शेवाळ दिसू लागल्यावर त्यांना सोडावे. शेवाळ संपले तर उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची किंवा दोडक्याची चकती दगडाला बांधून रात्री तळाशी ठेवावी व सकाळी काढून घ्यावी. एरव्ही भुकेले मासे पानांकडे वळतात. मे महिन्यात नवे मासे आणू नयेत. त्या दिवसांत झाकण अर्धे उघडे ठेवावे, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि खाद्य निम्म्यावर आणावे. वीज गेली की भांड्याने पाणी उचलून वरून धार धरावी, म्हणजे पंप सुरू होईपर्यंत मासे तग धरतात.