नव्या शाहिराचे मनोगत

बंगळूरचे नाव निघाले की जुन्या पिढीतील मराठी माणसाला शहाजीराजांची जहागीर आठवे. आजच्याला संगणकाच्या कचेऱ्या आठवतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा कोणी ना कोणी तरुण तेथे नोकरीस असतो. दिवसभर यंत्रासमोर बसून तो रात्री आपल्या भाड्याच्या खोलीत परततो, कानांना यंत्र लावतो आणि काहीतरी ऐकत बसतो. तो जे ऐकतो त्यात पुष्कळदा रॅप असते. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो केवळ गोंगाट. हा गोंगाट काय सांगतो, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

रॅपमध्ये रूढ अर्थाचे गाणे नसते. चार मात्रांचा ठेका अखंड चाललेला असतो आणि त्यावर बोलणारा आपले शब्द असे बसवतो की यमके ओळीच्या शेवटीच नव्हे, तर मध्येही एकमेकांवर आदळत जावीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेला एक घरगुती नाचाचा जलसा या कलापरंपरेचा आरंभ मानला जातो. डफ-तुणतुण्याच्या साथीने पोवाडा ऐकलेल्या आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब ठाऊक असलेल्या मराठी कानाला ही जात अगदीच परकी वाटू नये. तालावर बोलणे, प्रतिस्पर्ध्याला शब्दांत पकडणे आणि स्वतःची फुशारकी मारणे या तिन्ही गोष्टी आपल्या फडांवरही होत्याच.

फरक आहे तो 'मी' या शब्दात. आपल्या चित्रपटगीतात कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा असतो. त्यातील दुःख कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. रॅपमध्ये दुसऱ्याने लिहून दिलेले शब्द आपले म्हणून बोलणे कमीपणाचे समजतात. जो बोलतो त्यानेच ते लिहिलेले असावे आणि शक्य तर भोगलेलेही असावे, अशी तेथे अपेक्षा असते. आपली संतपरंपराही या 'मी'ला अपरिचित नाही. मराठी संत अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव घालतो. कर्नाटकातील हरिदास तेथे आपल्या उपास्यदेवतेचे नाव घालतात. पुरंदरदासांची मुद्रा 'पुरंदरविठ्ठल' ही आहे. आजचा रॅप गायक या दोहोंच्या मधली वाट धरतो. तो स्वतःच एक नवे नाव धारण करतो आणि त्या नावाच्या आडून आपले खरे बोलतो.

बंगळूरचीच दोन उदाहरणे घेऊ. विघ्नेश शिवानंद हा तेथील तरुण 'ब्रोधा व्ही' या नावाने पुढे आला. २०१२ साली निघालेल्या त्याच्या 'आत्मा रामा' या रचनेची कडवी इंग्रजीत आहेत. त्यांत तरुणपणच्या ओढग्रस्तीची आणि चुकलेल्या वाटेची कबुली येते, आणि ध्रुपदात येते ते रामनाम. दुसरा सूरज चेरुकट. हनुमान आणि मानवजात यांचा सांधा जुळवून त्याने 'हनुमानकाइंड' हे नाव घेतले. जन्म केरळातील मलप्पुरमचा, वाढ अमेरिकेतील ह्यूस्टनची, पुढे बंगळुरात एका मोठ्या वित्तसंस्थेत नोकरी, आणि अखेर ती सोडून संगीत. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचे 'बिग डॉग्ज' जगभर गाजले. त्याच्या चित्रफितीत आपल्या जत्रांतला 'मौत का कुआँ' आहे. उभ्या लाकडी भिंतीवर मोटारी फिरत आहेत आणि हा तळाशी उभा राहून बोलतो आहे. 'आपण कोठले?' या प्रश्नाला ज्याच्यापाशी एका शब्दाचे उत्तर नाही, त्याला स्वतःची ओळख अशी स्वतःच रचावी लागते. बंगळुरात आलेल्या हजारो तरुणांची अडचण याहून फार वेगळी नसावी.

येथे मनाच्या आरोग्याचा प्रश्न येतो. मनाशी उघड बोलणे आपल्याला नवे नाही. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे आणि पत्नीचा मृत्यू लपवून ठेवला नाही. जात्यावर बसलेल्या सासुरवाशिणीने जे घरात बोलता येत नव्हते ते ओवीत सांगितले. तरीही आजच्या मध्यमवर्गीय घरात 'मला बरे वाटत नाही' याचा अर्थ ताप किंवा पोटदुखी एवढाच होतो. मुलगा वडिलांना जे सांगू शकत नाही, ते तो ठेक्यावर शेकडो अनोळखी लोकांना सांगतो, कारण तेथे ते दुबळेपण न ठरता कसब ठरते.

पण बोलून दाखवणे म्हणजे बरे होणे नव्हे. या कलेत पोकळ बढाई आहे, नशेचे कौतुकही आहे. आणि दुःख हेच ज्याचे भांडवल झाले, त्याला ते सोडवतही नाही. गाण्याचा खरा उपयोग पुढच्या दारापर्यंत नेण्यात आहे. २०१७ साली अमेरिकेतील लॉजिक या रॅप गायकाने आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा दूरध्वनी क्रमांकच आपल्या गीताचे शीर्षक केला. संशोधकांनी २०२१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, त्या गीताचा बोलबाला झाला त्या ३४ दिवसांत त्या वाहिनीवर अपेक्षेपेक्षा सुमारे ९,९०० दूरध्वनी अधिक आले आणि आत्महत्यांची संख्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी राहिली. हा संबंध आकडेशास्त्राचा आहे, प्रत्येक प्राणाचा हिशेब त्यात नाही. तरीही एवढे मोल फार थोड्या गीतांच्या वाट्याला आले असेल.

योगायोग असा की आपल्याकडचे हे दार बंगळुरातच आहे. १८४७ साली तेथे वेड्यांचे इस्पितळ होते. १९२५ मध्ये त्याला मानसिक रुग्णालय म्हणू लागले, १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ साली या दोहोंतून 'निम्हान्स' उभी राहिली. नुसती नावे पाहिली तरी समाजाची दृष्टी कशी पालटली ते कळते. याच संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी मानसिक विकार होता. आणि निरनिराळ्या विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्सच आहे.

मात्र परदुःख ऐकण्याचे काम सर्वस्वी संस्थांवर टाकून चालणार नाही. सुट्टीत घरी आलेला मुलगा कानांना यंत्र लावून कोपऱ्यात बसलेला दिसला, तर आवाज कमी कर म्हणण्याआधी त्यातले एक कान आपण मागून घ्यावे आणि 'काय ऐकतोस रे?' असे विचारावे. शब्द कदाचित कळणार नाहीत. पण तो ते समजावून सांगू लागेल, आणि सांगता सांगता कदाचित स्वतःविषयीही बोलेल.